कॅमेरा आणि पाटी : समुद्राखालचा साक्षीदार

आजचा विषय एका वेगळ्या पेशाचा आहे. समुद्राखाली उतरून चित्रीकरण करायचं आणि त्याच बुडीत सागरी जीवशास्त्राचं कामही करायचं. म्हणजे माणूस अर्धा शास्त्रज्ञ आणि अर्धा सिनेमावाला.

फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाने यावर का बोलावं, असं कुणी विचारेल. दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे मी इंजिनिअर्सचा. पूल बांधणं, नदी ओलांडायची सोय करणं हे आमचं काम. त्यासाठी नदीचा तळ तपासावा लागतो, म्हणून मी डायव्हिंग शिकलो. तेही अशा गढूळ पाण्यात, की मास्कसमोर धरलेला स्वतःचा हात दिसत नसे. तळ बोटांनी वाचायचा. पुढे अंदमानात पोस्टिंग झालं आणि पाण्याखाली वीस-पंचवीस मीटर लांबचं दिसू शकतं हे पहिल्यांदा कळलं. तिथे सुट्टीच्या दिवशी संशोधकांबरोबर उतरायची संधी मिळाली. त्यांच्या मोजपट्टीचं एक टोक धरायचं काम मी बरंच केलं आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आमच्याकडे नव्या अधिकाऱ्याला रेकीचा रिपोर्ट लिहायला शिकवतात तेव्हा एक गोष्ट ठोकून ठोकून सांगतात. जे पाहिलं ते वेगळं लिही आणि जे वाटलं ते वेगळं लिही. 'पुलावरून तीन ट्रक पश्चिमेला गेले' हे पाहिलेलं. 'शत्रू माघार घेतो आहे' हे वाटलेलं. या दोन वाक्यांची सरमिसळ झाली तर मागून येणाऱ्या तुकडीचा जीव जातो. समुद्राखाली कॅमेरा घेऊन जाणाऱ्या जीवशास्त्रज्ञाचं सगळं आयुष्य याच शिस्तीवर उभं असतं. त्याच्या एका हातात कॅमेरा असतो, दुसऱ्या हाताशी प्लास्टिकची पाटी आणि पेन्सिल. कॅमेरा दाखवतो, कुठे, कधी, किती खोलीवर, किती, हे पाटी सांगते. पाटीशिवायचं चित्र नुसतंच देखणं राहतं. ते पुरावा होत नाही. आज मला एवढंच सांगायचं आहे, पण ते नीट उलगडून सांगतो.

पाण्याखाली डोळ्यांवर विश्वास नाही

आधी हे समजून घेऊ की पाण्याखाली पाहणं इतकं कठीण का आहे.

पाणी प्रकाश गिळतं, आणि सगळे रंग सारखे गिळत नाही. तांबडा सर्वांत आधी जातो. पहिल्या पाच-दहा मीटरमध्येच तो फिका पडतो. मग नारिंगी, मग पिवळा. खाली उरतो निळा. खोलवर बोट कापलं तर रक्त हिरवट-काळपट दिसतं. म्हणून डोळ्यांना राखाडी दिसणारं प्रवाळ दिवा लावताच लालभडक निघतं. आता सांगा, त्याचा खरा रंग कोणता? दिव्याखालचा, की तिथल्या माशांना रोज दिसतो तो? चित्रीकरण करणाऱ्याला याचं उत्तर ठरवून लिहून ठेवावं लागतं.

दुसरी गोष्ट आकाराची. पाण्यातून मास्कच्या काचेत येताना प्रकाश वाकतो. त्यामुळे वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी आणि एक चतुर्थांश जवळ दिसते. 'एवढा मोठा शार्क पाहिला' असं सांगणारा डायव्हर खोटं बोलत नसतो, पण त्याचा आकडाही घेता येत नाही. यावर उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यावर ठराविक अंतरावर दोन समांतर लेझर बसवतात. माशाच्या अंगावर पडलेल्या दोन ठिपक्यांमधलं अंतर माहीत असतं, त्यावरून चित्रातली लांबी काढता येते.

तिसरी गोष्ट आवाजाची. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून वेगाने जातो. तो दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच पोहोचतो, म्हणून दिशा कळत नाही. बोटीचं इंजिन ऐकू येतं, पण ते डावीकडे आहे की डोक्यावर हे कळत नाही.

आणि चौथी गोष्ट वेळेची. दर दहा मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. दहा मीटरवर टाकीतली हवा पृष्ठभागाच्या दुप्पट वेगाने संपते, तीस मीटरवर चौपट. वर येतानाही सावकाश यायचं, मिनिटाला नऊ मीटरच्या आसपास, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. नाहीतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो. थोडक्यात, जमिनीवर वाघाची वाट पाहत मचाणावर दिवसभर बसता येतं. इथे हातात तासभरही नसतो. त्या वेळात प्राणी शोधायचा, त्याला न बिथरवता चित्रीकरण करायचं, नोंद करायची, हवेचा काटा पाहायचा आणि जोडीदारावर लक्ष ठेवायचं. जीवशास्त्र येत असेल तर प्राणी पुढे काय करेल याचा अंदाज येतो आणि कॅमेरा आधीच तिकडे वळतो. दोन कामं एकाच माणसात असण्याचा पहिला फायदा हा.

व्हिएन्नाचा विद्यार्थी

हा पेशा घडवणाऱ्यांत एक नाव अगदी वरचं आहे, हान्स हास. आपल्याकडे जाक कुस्तो हे नाव जास्त ऐकलेलं असतं. कुस्तो फ्रेंच नौदलातले अधिकारी, म्हणजे आमच्याच गणवेशाच्या जातीतले. पण ते प्रशिक्षित जीवशास्त्रज्ञ नव्हते. हास होते.

हान्स हास यांचा जन्म १९१९ सालचा, व्हिएन्नातला. घरच्या वळणाने ते कायदा शिकत होते. १९३७ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर त्यांची गाठ गाय गिलपॅट्रिक या अमेरिकी लेखकाशी पडली. गिलपॅट्रिक पाण्याखाली भाल्याने मासे मारत असत. हास यांनी भाला शिकून घेतला, पण लवकरच त्या जागी कॅमेरा आला. १९३९ मध्ये दोन मित्रांना घेऊन ते कॅरिबियन समुद्रात कुरासाव आणि बोनेर या बेटांकडे गेले. परतल्यावर कायदा सोडला आणि प्राणीशास्त्र धरलं.

त्यांची डॉक्टरेट ब्रायोझोआ या प्राण्यांवर आहे. शेवाळ किंवा जाळीदार कापडासारखे दिसणारे हे चिमुकले प्राणी वसाहत करून खडकाला चिकटून राहतात. तोपर्यंत समुद्रतळाचा अभ्यास म्हणजे बोटीतून जाळं किंवा लोखंडी खरवडणी ओढायची आणि वर येईल तो चुरा टेबलावर मांडायचा. हास स्वतः खाली गेले. पाठीवर ऑक्सिजनचं असं उपकरण होतं, जे सोडलेला श्वास स्वच्छ करून पुन्हा वापरतं आणि बुडबुडे सोडत नाही. अशा स्वतंत्र श्वसन-उपकरणाच्या मदतीने झालेल्या पहिल्या शास्त्रीय संशोधनांत त्यांच्या प्रबंधाची गणना होते. धोका मोठा होता, कारण शुद्ध ऑक्सिजन जरा खोल गेलं की विषारी ठरतो. पण मिळालं काय, तर तो प्राणी कुठल्या बाजूला वाढतो, उजेडात की सावलीत, प्रवाहाच्या तोंडाशी की आडोशाला, हे जागेवर पाहता आलं. बरणीतल्या नमुन्याला त्याचा पत्ता सांगता येत नाही.

आता पैशाचा प्रश्न. संशोधनाला पैसा हवा आणि ब्रायोझोआसाठी कोणी थैली उघडत नाही. हास यांनी वाट काढली ती सिनेमातून. १९४७ मध्ये शार्कमधल्या माणसांवरचा त्यांचा चित्रपट प्रदर्शित झाला. मग तांबड्या समुद्रावरचा चित्रपट आला, त्याला १९५१ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात मोठ्या माहितीपटाचं पहिलं पारितोषिक मिळालं. त्यात त्यांच्या पत्नी लोट्टे हास पडद्यावर होत्या. लोट्टे आधी त्यांच्या सचिव होत्या. छायाचित्रण आणि डायव्हिंग त्या स्वतः शिकल्या, आणि त्या काळी बाईमाणसाचं हे काम नव्हे असं म्हणणाऱ्यांना गप्प केलं. १९५६ मध्ये बीबीसीवर या दोघांची मालिका आली. पडद्याने पैसा दिला, पैशाने बोट चालली आणि बोटीवर शास्त्रज्ञ बसले. या पेशाचं अर्थशास्त्र आजही याच चालीचं आहे.

झारिफा आणि आपलं निकोबार

त्या बोटीचं नाव झारिफा. तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज. १९५३-५४ मध्ये ते कॅरिबियन आणि गॅलापागोसला जाऊन आलं. १९५७-५८ ची दुसरी सफर आपल्या दृष्टीने महत्त्वाची, कारण तांबडा समुद्र आणि मालदीव करून झारिफा आपल्या निकोबार बेटांपर्यंत आलं होतं.

त्या सफरीत इरेनॉइस आइबल-आइबेस्फेल्ट नावाचे प्राणिवर्तनाचे अभ्यासक होते. प्रवाळावर एक छोटा निळा-काळा मासा असतो, तो मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन त्यांना स्वच्छ करतो. मोठे मासे तोंड उघडून त्याच्यापुढे रांग लावतात. हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा दुसरा एक मासा आहे. तो जवळ जातो आणि साफ करायच्या ऐवजी लचका तोडून पळतो. आइबल-आइबेस्फेल्ट यांनी या तोतयाबद्दल १९५९ मध्ये लिहिलं. फॉर्मॅलिनच्या बरणीत हे दोन मासे शेजारी ठेवा. फार तर दोघं सारखे दिसतात एवढं कळेल. लबाडी कळायला जिवंत समुद्रात तासन्‌तास बसावं लागतं. त्याच सफरीनंतर वाळूत उभं राहून डुलणाऱ्या एका बागवाम माशाला हास यांचं नाव मिळालं.

निकोबारचं प्रवाळही गोळा झालं होतं. झारिफावरचे प्रवाळतज्ज्ञ गेऑर्ग शेअर आणि कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेतले आपले डॉ. सी. एस. जी. पिल्लै यांनी मिळून त्याचा अभ्यास केला. निकोबारच्या प्रवाळांवरचा त्यांचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. सिनेमाच्या पैशावर चाललेलं ऑस्ट्रियन माणसाचं जहाज, जर्मन तज्ज्ञ आणि भारतीय शास्त्रज्ञ, यांच्या साखळीतून आपल्या बेटांचा एक पक्का दस्तऐवज तयार झाला.

त्याची किंमत पुढे कळते. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात आणि त्सुनामीत ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, चार मीटरहून अधिक खचलं. उत्तर अंदमानात उलट झालं. जमीन उचलली गेली आणि प्रवाळ पाण्याबाहेर पडून मेलं. आधी तिथे काय होतं, हे विचारायचं कुणाला? ज्याने नाव, जागा आणि तारीख लिहून ठेवली त्यालाच.

कॅमेरा मोजतो कसा

आता आजचं काम पाहू. संशोधक तळावर पन्नास मीटरची पट्टी अंथरतो. तिच्या कडेने ठराविक उंचीवर कॅमेरा धरून सरळ पोहतो. किंवा ठराविक अंतरावर चौकट ठेवून तिचे फोटो काढतो. वर आल्यावर प्रत्येक चौकटीत जिवंत प्रवाळ किती, मेलेलं किती, शेवाळ किती, वाळू किती, हे मोजतात. दरवर्षी त्याच जागी. हे चित्रीकरण कुठल्याही महोत्सवात दाखवता येणार नाही, पाहणाऱ्याला झोप येईल. पण दहा वर्षांनी तेच सोनं होतं.

दुसरी पद्धत म्हणजे आमिषाची पिशवी लावलेला कॅमेरा तळावर सोडून द्यायचा आणि माणूस वर. माणूस नसला की लाजरे मासेही येतात. तिसरी पद्धत प्राणी ओळखण्याची. व्हेल शार्कच्या अंगावरचे पांढरे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. कल्ल्यांच्या मागच्या भागाचा फोटो घेऊन ते जुळवतात. गंमत अशी, की ही जुळवणी करायला जी गणिती रीत वापरली, ती मुळात खगोलशास्त्रज्ञांनी आकाशातल्या ताऱ्यांचे नकाशे जुळवायला केलेली होती. त्यामुळे पर्यटकाने काढलेला फोटोसुद्धा, तारीख आणि जागा असेल तर, संशोधनात जातो.

आणि कधी कधी कॅमेरेवाला प्रश्न आणतो आणि जीवशास्त्रज्ञ उत्तर. जपानच्या अमामी ओशिमा बेटापाशी १९९५ पासून डायव्हरांना तळाच्या वाळूत सुमारे दोन मीटर व्यासाची नक्षीदार वर्तुळं दिसत. रांगोळीसारखी रेखीव. कोण काढतं, कुणालाच माहीत नव्हतं. अखेर तिथे ठाण मांडून चित्रीकरण झालं तेव्हा कळलं, की वीतभरही लांब नसलेला एक नर पफर मासा आठवडाभर कल्ल्यांजवळच्या परांनी वाळू उकरत ती मादीसाठी काढतो. २०१३ मध्ये त्यावर शोधनिबंध आला आणि २०१४ मध्ये तो मासा नवी प्रजाती म्हणून नोंदला गेला. नुसता छायाचित्रकार 'काय सुंदर' म्हणून पुढे गेला असता. नुसत्या शास्त्रज्ञाला ते वर्तुळ दिसलंच नसतं.

जिथे पाय घसरतो

पण मंडळी, ही दोन कामं एकमेकांची मित्र आहेत तशी वैरीही आहेत. सिनेमाला गोष्ट हवी असते. विज्ञानाला गोष्ट नसली तरी चालते.

कुस्तो यांचा समुद्राच्या शांत जगावरचा १९५६ चा चित्रपट घ्या. त्याला कान महोत्सवातला सर्वोच्च सन्मान मिळाला, ऑस्करही मिळालं. त्याच चित्रपटात प्रवाळावर सुरुंग फोडून मेलेले मासे मोजण्याचा प्रसंग आहे, आणि शार्कना मारण्याचाही. त्या वेळी हे कुणाला फारसं खटकलं नाही. पुढे कुस्तो स्वतःच समुद्र वाचवण्याच्या बाजूचा सर्वांत मोठा आवाज झाले. मी हे त्यांना कमी लेखायला सांगत नाही. प्रामाणिकपणे चित्रित केलं होतं म्हणून आज आपण त्यावर बोलू शकतो, हेही खरंच आहे.

आजचे मोह जास्त बारीक आहेत. चांगली चौकट मिळावी म्हणून चिमुकली समुद्री गोगलगाय उचलून रंगीत स्पंजावर ठेवायची. ऑक्टोपसला काडीने डिवचून बाहेर काढायचं. आमिष टाकून शार्क बोलवायचे आणि 'शार्क इथे आक्रमक आहेत' असं निवेदन द्यायचं. तीन वेगवेगळ्या कासवांची दृश्यं जोडून एका कासवाची जीवनकथा सांगायची. पाण्याखालच्या दृश्यांना आपण जे कुरकुर-खळखळ आवाज ऐकतो, ते पुष्कळदा स्टुडिओत भरलेले असतात.

यातलं सगळंच पाप आहे असं मी म्हणणार नाही. जोडकाम हा सिनेमाचा धर्म आहे. पण जो जीवशास्त्रज्ञही आहे, त्याने मूळ चित्रीकरण आणि पाटीवरची नोंद जशीच्या तशी जपायला हवी. चित्रपटात 'हे कासव' म्हणा हवं तर. नोंदवहीत तीन कासवं तीनच राहिली पाहिजेत. आमिष टाकलं असेल तर तसं लिहा. प्राण्याला हलवलं असेल, तर ते दृश्य पुरावा म्हणून बाद. पाहिलेलं आणि वाटलेलं, दोन वेगळे रकाने. हेच ते रेकीच्या रिपोर्टचं सूत्र.

चित्राने कायदा बदलतो तेव्हा

अशी खरी नोंद लोकांपुढे आली की काय होतं, याचं उदाहरण आपल्या शेजारच्या गुजरातचं आहे. व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा, गरीब स्वभावाचा, प्लवक गाळून खाणारा. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वेरावळ-मांगरोळच्या बाजूला त्याची शिकार होत असे. गळाला रिकामे पिंप बांधून त्याला दमवत, म्हणून तिथे त्याचं नावच बॅरल पडलं होतं. आधी त्याच्या यकृताचं तेल होड्यांना लावण्यासाठी, नंतर मांस परदेशी पाठवण्यासाठी.

माइक पांडे यांनी या शिकारीवर 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा माहितीपट केला. २००० मध्ये त्याला निसर्गपटांचं ऑस्कर म्हणतात तो पांडा पुरस्कार मिळाला. मे २००१ मध्ये भारत सरकारने व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं. त्या यादीत आलेला तो पहिला मासा. पण फौजेत आम्ही म्हणतो, हुकूम काढणं सोपं, पाळला जाणं वेगळं. २००४ पासून वन खातं, वन्यजीव संस्था आणि उद्योग यांनी मिळून मच्छीमारांत मोहीम चालवली. मोरारीबापूंनी सांगितलं, ही माहेरी आलेली लेक आहे, तिला मारायचं नसतं. तिला नाव मिळालं वहाली, म्हणजे लाडकी. जाळ्यात अडकली तर जाळं कापून सोडा, जाळ्याची भरपाई मिळेल, अशी सोय झाली. ज्या हातांनी गळ टाकले त्याच हातांनी पुढे शेकडो व्हेल शार्क सोडले. सुटका करणाऱ्या मच्छीमारालाच कॅमेरा दिला गेला, म्हणजे भरपाईसाठी पुरावाही तोच देणार. ही व्यवस्था मला फार आवडते. यात सिनेमा आहे, जीवशास्त्र आहे आणि माणसाच्या पोटाचा विचारही आहे.

पोट भरेल का?

पोटाचा विषय निघाला म्हणून सांगतो. या मालिकेच्या श्रोत्यांकडून पालकांचा प्रश्न हमखास येतो, की मुलीला हे करायचं आहे, यात भवितव्य काय? सरळ उत्तर देतो. या नावाची नोकरी जाहिरातीत मिळणार नाही. दोन पायांवर उभं राहावं लागेल, आणि आधी एक पाय पक्का करावा लागेल.

माझ्या मते तो पाय जीवशास्त्राचा असावा. बारावी विज्ञान, प्राणीशास्त्र किंवा जीवशास्त्राची पदवी, मग सागरी विज्ञानात पदव्युत्तर शिक्षण. गोवा विद्यापीठ आहे, कोचीचं विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, तामिळनाडूत परंगीपेट्टईला अण्णामलै विद्यापीठाचं केंद्र आहे, पाँडिचेरी विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्राचा विभाग तर थेट पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला आहे. गोव्यात दोना पावला इथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी मुलांना यातलं एखादं तरी ठिकाण घराजवळ पडेल.

डायव्हिंग त्याच्या जोडीला. पहिल्या अभ्यासक्रमात अठरा मीटर, पुढच्यात तीस मीटरपर्यंतची परवानगी मिळते. मालवणजवळ तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. अंदमानात, लक्षद्वीपमध्ये, पुदुच्चेरीत शिकवणारे आहेत. कॅमेरा मात्र घाईने घेऊ नका. आधी पाण्यात स्थिर तरंगायला शिका. ज्याला तरंगता येत नाही त्याचे पाय प्रवाळावर आपटतात. कठीण प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहे, ते तोडणं गुन्हा आहे, आणि एक फांदी वाढायला वर्षं जातात. साधा कॅमेरा घेऊन शंभर बुड्या करा, प्रत्येकीची नोंदवही ठेवा. पाण्याचं कवच पुष्कळदा कॅमेऱ्यापेक्षा महाग असतं, ते नंतर.

उत्पन्न तुकड्या-तुकड्यांनी येतं. संशोधन प्रकल्पातली फेलोशिप, किनाऱ्यावरच्या प्रकल्पांचं पर्यावरण सर्वेक्षण, डायव्हिंग शिकवणं, माहितीपट कंपन्यांसाठी चित्रीकरण, जुनी दृश्यं विकणं. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र बंद. ते महिने संकलनाचे आणि लेखनाचे. राष्ट्रीय सागरी उद्यानात चित्रीकरणाला वन खात्याची परवानगी लागते, लक्षद्वीपला जायलाच परमिट लागतं. कागदपत्रांचा कंटाळा असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. आणि कान, सायनस, फुप्फुसं, हृदय यांची वैद्यकीय तपासणी पहिल्या दिवशीच करून घ्यावी.

वेळ कमी आहे

हे सगळं आत्ताच का सांगतो आहे? लक्षद्वीपमध्ये १९९८ मध्ये समुद्र तापून प्रवाळ पांढरं पडलं. प्रवाळाच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवालं त्याला अन्न आणि रंग देतात. पाणी तापलं की ती निघून जातात आणि प्रवाळ उपाशी मरतं. पुन्हा २०१० मध्ये तसंच झालं, पुन्हा २०१६ मध्ये, आणि २०२४ मध्येही. तिथे वर्षानुवर्षं तीच ठिकाणं पाहणाऱ्या संशोधकांच्या नोंदी सांगतात, की चोवीस वर्षांत जिवंत प्रवाळाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. हे वाक्य आज बोलता येतं, कारण १९९८ मध्ये कुणीतरी पट्टी अंथरली होती. नाहीतर आज पहिल्यांदा उतरणारा तरुण उरलेलं पाहून 'वा, काय समृद्ध समुद्र' म्हणेल. प्रत्येक पिढी आपण पाहिलेलाच समुद्र मूळचा समजते. ही विस्मृती मोडायला जुनं, तारखेचं, जागेचं चित्र लागतं.

यात तुमचाही वाटा आहे. मालवणला, अंदमानला, गोव्याच्या ग्रँड आयलंडला किंवा कर्नाटकच्या नेत्राणीला तुमच्यापैकी कितीतरी जण जाऊन आले असतील. फोनमध्ये, जुन्या हार्डडिस्कवर पाण्याखालची चित्रं पडली असतील. आज संध्याकाळी ती काढा. प्रत्येकाला तारीख, ठिकाण आणि आठवत असेल तर खोली लिहा. आठवत नसेल तिथे 'माहीत नाही' लिहा, अंदाज घुसडू नका. पुढच्या वेळी खाली गेलात तर कशाला हात लावू नका, काही उचलू नका, आणि वर आल्यावर ओल्या अंगानेच चार ओळी लिहून काढा. पाण्यात पाहिलेलं वाळायच्या आत विसरायला होतं, हा माझा अनुभव आहे.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत, जय हिंद.